बिअर्डीच्या खाण्यात प्रोटीन कमी पडत नाही, कमी पडतं कॅल्शियम

बिअर्डेड ड्रॅगन, म्हणजे ऑस्ट्रेलियातला एक सरडा, लाडाने बिअर्डी, घरी आणला की जवळजवळ प्रत्येकाचा पहिला प्रश्न हाच असतो, प्रोटीनसाठी सगळ्यात बेस्ट किडा कुठला? सिडनी, मेलबर्न, न्यू जर्सी, लंडन, कुठेही बघा, आपल्या मराठी घरांत मुलांच्या हट्टापायी हा प्राणी आता बऱ्यापैकी येतो, आणि ज्या घरात कधी अंडंसुद्धा आलेलं नसतं तिथे हॉलच्या कोपऱ्यात रातकिड्यांचा डबा येऊन बसतो. मला लोक मेसेज करून विचारतात तेव्हा मी आधी हेच सांगते की प्रोटीनची काळजी सोडा. दुकानात मिळणारा कुठलाही जिवंत किडा घ्या, प्रोटीन त्यात पुरेसं असतंच. त्या प्रोटीनसोबत अजून काय काय पोटात जातंय, किती चरबी, किती फॉस्फरस, आणि कॅल्शियम जवळजवळ नाहीच, हे बघायला हवं. बिअर्डी आजारी पडतात ते बहुतेक यामुळेच.

आधी हा प्राणी कुठला ते बघू, म्हणजे पुढचं सोपं जाईल. घरोघरी असतो तो पोगोना व्हिटिसेप्स, ऑस्ट्रेलियाच्या आतल्या कोरड्या, रखरखीत भागातला. तिथे रोज ताट वाढून मिळत नाही, जे समोर येईल ते खायचं, पाला, फुलं, मुंग्या, भुंगे, टोळ. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंगलातल्या मोठ्या बिअर्डींच्या पोटात काय आहे ते तपासलं होतं, तर किड्यांमध्ये सगळ्यात जास्त निघाली वाळवी, आणि सोबत थोडा पाला. पाऊस झाला की वाळवी बाहेर पडते, मग हे दाबून खाऊन घेतात, आणि नंतर कोरडे दिवस येतात. म्हणजे मिळेल तेव्हा खा आणि अंगात साठव अशीच याची शरीररचना आहे, आणि आपण मात्र घरात त्याला रोज वाळवीचा सीझन देतो. (ऑस्ट्रेलियातून वन्यप्राणी धंद्यासाठी बाहेर न्यायला कित्येक दशकं बंदी आहे, त्यामुळे अमेरिका-युरोपात विकतात ते तिथेच जन्मलेले असतात. आणि इथे न्यू साउथ वेल्समध्ये पाळायचा तर आधी लायसन्स काढावं लागतं, ते विसरू नका.)

वयाचा फरक मोठा आहे. पिल्लू झपाट्याने वाढत असतं, त्याला किडे जास्त लागतात, साधारण तीन हिस्से किडे आणि एक हिस्सा पाला, आणि किडे रोज, अगदी लहान असेल तर दिवसातून दोनदा. वर्ष-दीड वर्षाचा झाला की हे उलटं करायचं, पाला रोज आणि किडे आठवड्यातून दोन-तीनदाच. इथेच घोळ होतो, कारण किडे खाताना तो इतका खूश दिसतो आणि पाल्याकडे ढुंकून बघत नाही, मग आपल्याला वाटतं उपाशी राहील, आणि रोज किडे चालू राहतात. मोठ्या बिअर्डीच्या लिव्हरमध्ये चरबी साठणं हा अगदी नेहमीचा आजार आहे, आणि तो असाच प्रेमापोटी होतो. सकाळी भूक असते तेव्हा आधी पाला ठेवा, किडे दुपारी द्या, दोन-चार दिवस तोंड फिरवेल पण धडधाकट मोठा बिअर्डी तेवढ्याने काही मरत नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र हा हट्ट करू नका.

आता पाकिटावरच्या आकड्यांचं. सुकवलेल्या मीलवर्म अळ्यांच्या पाकिटावर प्रोटीन 50 टक्के लिहिलेलं असतं आणि जिवंत मीलवर्मचा आकडा बघितला तर 19 टक्क्यांच्या आसपास, मग लोकांना वाटतं सुकवलेले जास्त पौष्टिक. तसं नाहीये. जिवंत मीलवर्ममध्ये 62 टक्के पाणीच असतं, उरलेल्या 38 मध्ये 19 प्रोटीन, म्हणजे निम्मं, झाले की 50 टक्के. किडा तोच, फक्त पाणी काढून टाकलंय. आणि ते पाणी बिअर्डीला हवं असतं, कारण हे प्राणी वाटीतून पाणी फार कमी पितात, बरंचसं पाणी खाण्यातूनच घेतात. त्यामुळे सुकवलेले किडे अडीअडचणीला ठीक, रोजचे नकोत.

हाच हिशोब बाकीच्यांना लावला की चित्र बदलतं. रेशमाच्या अळीत जिवंत असताना प्रोटीन जेमतेम 9 टक्के, पण तिच्या अंगात 83 टक्के पाणी असतं, ते बाजूला काढलं तर उरलेल्यातलं निम्म्याहून जास्त प्रोटीन, आणि चरबी अगदीच थोडी. रातकिड्यात 20 टक्के प्रोटीन, 7 टक्के चरबी. सुपरवर्म अळीत प्रोटीन तेवढंच, पण चरबी 17-18 टक्के. आणि वॅक्सवर्म अळी, जिच्यासाठी प्रत्येक बिअर्डी वेडा होतो, तिच्यात प्रोटीन 14 आणि चरबी 25, पाणी वगळलं तर निम्म्याहून जास्त नुसती चरबी. म्हणजे किडा निवडताना फरक पडतो तो चरबीने, प्रोटीनने नाही.

आता मुख्य मुद्दा. बिअर्डीच्या आहारात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण दीडास एक ते दोनास एक असावं असं सांगतात, म्हणजे कॅल्शियम जास्त, फॉस्फरस कमी. किड्यांत हे पार उलटं असतं. रातकिड्यात कॅल्शियमच्या सात-आठपट फॉस्फरस, मीलवर्ममध्ये पंधरापटीच्याही वर. कारण सरळ आहे, किड्याला हाडं नसतात. त्याचं वरचं कवच कायटिनचं, त्यात कॅल्शियम नसल्यासारखंच. सरडा उंदराचं पिल्लू गिळतो तेव्हा त्याला हाडांतून कॅल्शियम मिळतं, रातकिड्यातून मिळणार कुठून?

मग शरीरात काय होतं बघा. रक्तात कॅल्शियम ठरावीक पातळीवर लागतंच, नाहीतर स्नायू चालत नाहीत, हृदय चालत नाही. खाण्यातून आलं नाही आणि फॉस्फरस वाढला की मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी हार्मोन सोडतात आणि तो हार्मोन हाडांतून कॅल्शियम ओढून रक्तात आणतो, म्हणजे महिन्याचा पगार पुरत नाही म्हणून दर महिन्याला एफडी मोडायची तसं. बरेच दिवस बाहेरून सगळं छान दिसतं, कारण रक्तातलं कॅल्शियम ठीक असतं, आणि आतून हाडं मऊ होत जातात. यालाच मेटाबॉलिक बोन डिसीज म्हणतात, सगळे एमबीडी म्हणतात. पिल्लात हे फार भराभर होतं, कारण त्याला त्याच वेळी नवीन हाडंही बांधायची असतात.

लक्षणं ओळखता आली पाहिजेत. मागच्या पायांची बोटं किंवा हात अधूनमधून फडफडतात, झटके आल्यासारखे. चालताना पोट जमिनीवरून उचलत नाही, घासत जातो. खालचा जबडा बघा, निरोगी बिअर्डीचा जबडा टणक असतो, एमबीडीत तो बोटाने हलकं दाबलं तरी रबरासारखा वाकतो, कधी सुजून दोन्ही बाजू गोल दिसतात. पाय वाकडे होतात, पाठीला किंवा शेपटीला बाक येतो, शी होत नाही. यातलं काहीही दिसलं तर घरी कॅल्शियमची पावडर वाढवून बघू असं करत बसू नका, सरळ सरपटणारे प्राणी बघणाऱ्या व्हेटकडे न्या, एक्सरे काढतात, रक्त तपासतात, कॅल्शियम किती आणि कसं द्यायचं ते तेच ठरवतात. वाकडं झालेलं हाड परत सरळ होत नाही, पण पुढचं नुकसान थांबतं, आणि लवकर नेलं तर प्राणी चांगला जगतो. हे मी कळकळीने सांगते, कारण रबरासारखा जबडा झालेलं पिल्लू हातात धरलं की त्याचं दुखणं बघवत नाही, आणि हे सगळं डबाभर पावडर आणि दिव्याच्या एका बऱ्या ट्यूबने टाळता येतं.

तर ती पावडर. साधं कॅल्शियम कार्बोनेट, फॉस्फरस नसलेलं, बारीक दळलेलं, एवढंच बघायचं. द्यायची पद्धत अशी की झिपवाल्या पिशवीत किंवा उंच डब्यात चिमूटभर पावडर टाकायची, त्यात त्या वेळी खाईल तेवढेच किडे सोडायचे, हळूच दोन-तीनदा फिरवायचं, जोरात खळखळ नाही, नाहीतर किडे पाय मोडून पडतात. किड्यावर पातळ पांढरा थर दिसला की पुरे, पिठात घोळवल्यासारखा जाड थर असला तर बरेच बिअर्डी तोंडात घेऊन थुंकतात. आणि लगेच द्यायचे, कारण रातकिडा स्वतःचे पाय-मिशा साफ करत बसतो आणि पावडर थोड्याच वेळात झटकून टाकतो, तासाभराने टाकीत, म्हणजे बिअर्डीच्या काचेच्या घरात, फिरणारा रातकिडा खाल्ला तर कॅल्शियम मिळालंच असं नाही. आमचा बिअर्डी भीम हातातून, चिमट्याने एकेक घेतो, त्यामुळे किती आणि काय पोटात गेलं ते मला समोर दिसतं, शक्य असेल तर ही सवय लावा. न खाल्लेले रातकिडे रात्री टाकीत ठेवू नका, झोपलेल्या बिअर्डीला ते चावतात.

किती वेळा द्यायचं, तर साधारण असं की पिल्लाला आठवड्यातले पाच दिवस एका वेळच्या किड्यांवर, मोठ्याला किडे देतो त्या दिवशी. अंड्यावर आलेल्या मादीला जास्त लागतं, कारण अंड्याच्या कवचाचं कॅल्शियम ती स्वतःच्या अंगातून देते, आणि नर नसला तरी मादी अंडी घालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिच्या बाबतीत व्हेटला विचारूनच प्रमाण ठरवा.

पावडर बाहेरून लावायची तशी आतूनही किड्याचं पोट भरायचं, याला सगळे गटलोडिंग म्हणतात. दुकानातला रातकिडा बहुतेक वेळा अंड्याच्या ट्रेचा पुठ्ठा कुरतडत दिवस काढत असतो, उपाशी किडा म्हणजे नुसतं टरफल. घरी आणल्यावर एक-दोन दिवस त्याला मेथी, मोहरीचा पाला, शेवग्याची पानं, गाजर, लाल भोपळा असं घाला, आणि कॅल्शियमवालं तयार गटलोड मिळालं तर अजून चांगलं, मग बिअर्डीला द्या. नुसत्या भाजीने किड्यातलं कॅल्शियम फार वाढत नाही, त्याने जीवनसत्त्वं आणि पाणी मिळतं, म्हणून पावडर ती लागतेच.

आता कॅल्शियम खाऊ घातलं म्हणजे काम झालं असं नाही, आतड्यातून ते रक्तात जायला व्हिटॅमिन डी3 लागतं, आणि इथे दुकानात सगळ्यात जास्त उलटसुलट सांगतात. बिअर्डी डी3 कातडीत बनवतो. यूव्हीबी, म्हणजे उन्हातले अतिनील किरण, साधारण 290 ते 315 नॅनोमीटरचे, कातडीवर पडले की तिथल्या कोलेस्टेरॉलच्याच एका प्रकारापासून आधी प्री-व्हिटॅमिन बनतं, अंगाच्या उष्णतेने त्याचं डी3 होतं, मग लिव्हर आणि किडनीतून जाऊन ते कामाचं रूप घेतं. म्हणजे यूव्हीबी आणि ऊब दोन्ही लागतात, एक असून भागत नाही. 2010 सालच्या एका अभ्यासात बिअर्डीच्या पिल्लांना एका गटात तोंडाने डी3 दिलं आणि दुसऱ्यांना यूव्हीबी दिवा, तर दिव्याखालच्या पिल्लांच्या रक्तात डी3 कितीतरी पटीने जास्त निघालं, तोंडाने दिलेलं त्याच्या जवळपासही पोचलं नाही. त्यामुळे डी3वाली पावडर आहे, मग दिवा कशाला, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका.

उलट धोका पण आहे. डी3 चरबीत विरघळतं, अंगात साठतं, रोज भरपूर खाऊ घातलं तर जास्त होतं, मग कॅल्शियम नको तिथे, किडनीत, रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. उन्हातून किंवा दिव्यातून मात्र जास्त होत नाही, कारण गरजेपेक्षा जास्त झालं की कातडीच त्याचं दुसऱ्या निरुपयोगी पदार्थांत रूपांतर करून टाकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे, दिवा चांगला असेल तर रोजचं कॅल्शियम डी3 नसलेलं वापरा, आणि डी3 मल्टिव्हिटॅमिनमधून आठवड्याला जेवढं जातं तेवढं बस.

चांगला दिवा म्हणजे यूव्हीबी देणारी लांब, बारीक टी5 ट्यूब, टाकीच्या निम्म्याहून जास्त लांबीची, छोटा गोल बल्ब नाही. जाळीच्या वर ठेवली तर जाळी बराच यूव्हीबी अडवते, म्हणून अंतर त्या हिशोबाने धरा. काच तर जवळजवळ सगळाच अडवते, त्यामुळे खिडकीतून येणारं ऊन छान दिसलं तरी त्याचा इथे उपयोग शून्य. ट्यूब चालू दिसते म्हणून चालू आहे असं नाही, यूव्हीबी हळूहळू कमी होत जातो, कंपनी सांगते त्याप्रमाणे सहा महिने ते वर्षभरात बदलायची. आणि बसायच्या जागेचं तापमान 40 अंशांच्या आसपास हवं, एवढी ऊब नसेल तर पोटातलं पचतच नाही, म्हणून दिवे बंद व्हायच्या निदान दोन तास आधी शेवटचा किडा द्या.

मल्टिव्हिटॅमिनबद्दल थोडक्यात. पिल्लाला आठवड्यातून एकदा, मोठ्याला आठवड्या-दोन आठवड्यांनी, चिमूटभर, आणि त्या दिवशी कॅल्शियमच्या जागी. बघायचं ते व्हिटॅमिन ए. कमी पडलं तर डोळे सुजतात, कात नीट टाकत नाही, जास्त झालं तर कातडी सोलवटते, म्हणून दोन-तीन कंपन्यांच्या पावडरी एकत्र देऊ नका, एकच धरा. ह्याव्यतिरिक्त दुकानात जे प्रोटीन बूस्टर, रंग उजळायचे थेंब, मल्टिव्हिटॅमिनचा स्प्रे असतं, ते मी कधीच घेत नाही, आणि कॅल्शियम मिसळलेली वाळू तर टाकीत अजिबात नको, चाटून चाटून पोटात गोळा होतो आणि आतडं अडतं.

आता रोजचं काय द्यावं, माझ्या पसंतीने. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या मला सगळ्यात आवडतात, कारण किड्यांत हा एक अपवाद आहे, तिच्या कातडीतच कॅल्शियम कार्बोनेट असतं, कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त. चरबी 14 टक्के आहे, म्हणून मोठ्याला मोजून. अळी न चावता गिळली तर तशीच बाहेर येते, त्यात घाबरायचं नाही. दुबिया झुरळं अमेरिका-युरोपात सगळ्यांची लाडकी, मांसल, आवाज नाही, वास नाही, काचेवर चढत नाहीत, पण ऑस्ट्रेलियात त्यांना परवानगी नाही, इथे आम्ही वुडी नावाची झुरळं वापरतो. इंग्लंडकडे टोळ सहज मिळतात, अमेरिकेत मिळत नाहीत. रातकिडे सगळीकडे, पण आवाज आणि वास फार, आणि मरतातही पटापट. 2009-10 च्या सुमारास अमेरिकेतल्या रातकिड्यांच्या फार्ममध्ये विषाणूची साथ येऊन मोठमोठे फार्म बसले होते, तेव्हापासून बरेच लोक झुरळांकडे वळले. रेशमाच्या अळ्या मऊ, कमी चरबीच्या, आजारातून उठलेल्यासाठी फार चांगल्या, पण महाग आणि नाजूक, त्यांना तुतीचा पाला लागतो किंवा तुतीचं तयार खाद्य. आपल्या जालना-बीडकडे रेशीमशेती करणाऱ्या घरातलं कुणी असेल तर त्यांना ह्या अळ्या सांभाळायचं काही शिकवावं लागणार नाही. हॉर्नवर्म अळी म्हणजे 85 टक्के पाणी, उन्हाळ्यात अधूनमधून बरी. मीलवर्म, सुपरवर्म, वॅक्सवर्म हे कधीमधी, खाऊ म्हणून. किडा केवढा असावा, तर बिअर्डीच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा मोठा नको.

बागेतून पकडून काही देऊ नका, औषध फवारलेलं असू शकतं, जंत असतात. आणि काजवा तर कधीच, चुकूनही नाही. काजव्याच्या अंगात हृदयावर परिणाम करणारं विष असतं, अमेरिकेत एकच काजवा खाऊन बिअर्डी मेल्याच्या नोंदी 1999 साली छापून आल्यात. उन्हाळ्याच्या संध्याकाळी बाहेर फिरवायला नेत असाल तर हे डोक्यात ठेवा. कुत्र्या-मांजराचं खाद्य, चिकन, मासे पण नको. सरपटणारे प्राणी प्रोटीनचा कचरा युरिक ॲसिडच्या रूपात टाकतात, तो शीसोबतचा पांढरा भाग, आणि प्रोटीनचा मारा जास्त झाला व पाणी कमी पडलं की ते युरिक ॲसिड सांध्यांत, किडनीत साठतं, माणसाला गाऊट होतो तसाच यांनाही होतो. तो पांढरा भाग मऊ असेल तर ठीक, खडूसारखा कडक आणि पिवळट दिसायला लागला तर पाणी कमी पडतंय, पाला ओला करून द्या, कोमट पाण्यात थोडा वेळ बसवा, तरी तसंच राहिलं तर व्हेट.

पाल्यात मेथी, मोहरीचा पाला, कोलार्ड (कोबीच्या जातीचा पाला), डँडेलियन, शेवगा, लाल भोपळा, दुधी, जास्वंदीचं फूल, हे सगळं चालतं. पालक, माठ, चुका ह्यांत ऑक्झलेट भरपूर, ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि अंगी लागू देत नाही, म्हणून रोज नको. ॲव्होकाडो विषारी आहे, अजिबात नको.

आणि पावडरीचा डबा दिव्याच्या फिक्स्चरवर ठेवू नका, सगळे तिथेच ठेवतात, हाताशी असतो म्हणून. उष्णतेने आणि ओलीने जीवनसत्त्वं उडून जातात. उघडलेल्या मल्टिव्हिटॅमिनवर मार्करने तारीख लिहायची आणि सहा महिन्यांनी उरलेलं टाकून द्यायचं, म्हणून डबाही छोटाच घ्या. साधं कॅल्शियम टिकतं, फक्त ओला चमचा घालू नका.